झाकून ठेवलेली जीप

माझ्या भावाचा रविवार जीपखाली जायचा. मी तेव्हा कुरखेड्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो. माझा रविवार आंगणातल्या खाटेवर, पुस्तक हातात घेऊन जायचा. आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर असायचं. इतक्या जवळ बसून मी त्या जीपबद्दल काहीच शिकलो नाही, याचं आता नवल वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. घरात एकाने हात काळे करायचे आणि एकाने पानं उलटायची, ही वाटणी कुणी ठरवली नव्हती, पण दोघांनाही मान्य होती.

जीप लष्कराच्या लिलावातली होती, जुनी, पेट्रोलवर चालणारी. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. साहेब लोकांना आतली गावं पाहायची असत आणि आत रस्ते नव्हते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे ठेकेदार भाऊला बोलवत, पावसाळ्यात आजाऱ्यांचे नातेवाईक. एसटी जिथून मागे फिरायची तिथून पुढे भाऊचं काम सुरू व्हायचं.

रस्ता सोडून चालणारी गाडी आधी आतून खराब होते, असं तो म्हणायचा. म्हणून बाहेरून ती कशी दिसते याकडे त्याचं लक्ष नसे. रंग उडाला होता, एका बाजूचा पत्रा चेपला होता. पण रविवारी तो चटई टाकून खाली शिरायचा आणि बांबूच्या कमचीने खालचा वाळलेला चिखल खरवडून काढायचा. धानाच्या शेतातला चिखल चिकट असतो. तो तसाच राहिला तर ओल धरून ठेवतो आणि लोखंड खातो. मग ग्रीसगन घेऊन एकेका सांध्यात ग्रीस भरायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आठवड्यात नाला ओलांडला असेल तर मागच्या आसाच्या मधल्या, गिअर असलेल्या गोळ्याचं बूच उघडून बोटाने तेल पाहायचं. तेल चहाच्या रंगाचं झालं असेल तर आत पाणी शिरलं समजायचं आणि ते सगळं बदलायचं. रेडिएटरच्या जाळीत गवताची कुसळं अडकत, ती खराट्याच्या काडीने एकेक काढायची. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारा गिअरचा दांडा गरज नसली तरी आठवड्यातून एकदा टाकायचा, नाहीतर गरज पडते त्या दिवशी तो हलत नाही. आणि एअर क्लीनर. इंजिन ज्यातून श्वास घेतं ते डबडं. त्याच्या तळाशी तेल असतं, धूळ त्यात बसते. ते उघडताना भाऊ हात पुसून घ्यायचा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबायचा. का, ते मी कधी विचारलं नाही.

पाने द्यायला वहिनी असायची. ती गोंडपिपरीकडची, शेतकरी घरातली, सातवी शिकलेली. कोणत्या नटाला कोणता पाना, हे तिला सांगावं लागत नसे. भाऊ नुसता हात बाहेर काढायचा.

"मास्तर, पुस्तक ठेव न इकडं ये," तो कधीकधी खालूनच ओरडायचा. "पाना धराले एक हात पाह्यजे."

"वहिनी आहे ना."

"तिले सारं येते. तुले काई येत नाई, म्हणून बोलावून राह्यलो."

"राहू द्या न जी," वहिनी म्हणायची. "भाऊजीच्या हाताले ग्रीस लागन, त पोराईच्या पेपरावर डाग पडन."

दोघं हसायचे. मीही हसून पान उलटायचो.

दसऱ्याचा दिवस त्या दोघांसाठी सर्वात मोठा. गावात ज्यांच्याकडे ट्रक किंवा मोटरसायकल होती ते सकाळी गाडी धुऊन झेंडूच्या माळा घालत, चाकाखाली लिंबू ठेवत, नारळ फोडत. आमच्या घरानं छप्पन्न सालीच देवपूजा सोडली होती. आमच्यासाठी तो धम्मदीक्षेचा दिवस. दीक्षाभूमीला जाणाऱ्या लोकांना भाऊ आदल्या दिवशी वडशाच्या छोट्या रेल्वेवर फेऱ्या मारून सोडून यायचा, आणि दसऱ्याला सकाळी वंदना झाली की जीप विटांवर चढवून चारही चाकं खोलायचा. बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन, फडक्यावर मांडून, उन्हात वाळवून, ग्रीस भरून पुन्हा बसवायची. वर्षातून एकदा, त्याच दिवशी. शेजारचा ट्रकवाला दरवर्षी कुंपणावरून एकच बोलायचा.

"एक नारळ तरी फोड न गा तिच्यापुढं."

"नारळाचं पानी तिच्या कोण्या कामाचं? बेरिंगले ग्रीस लागते गा."

"कधी पलटी मारन तवा कळन तुले."

"तुही मारली न मागच्या साली. माळ होती का नोती?"

ट्रकवाला शिवी देऊन हसायचा आणि प्रसादाची शिरणी पाठवायचा. ती आम्ही खायचो.

भाऊ वहिनीला गाडी शिकवत होता. धान कापून झाल्यावर बांध्या, म्हणजे आमच्याकडची धानाची शेतं, रिकाम्या होत. जमीन कडक, धसकटं पायाला टोचणारी. तिथे वहिनी पदर खोचून चाकामागे बसायची आणि भाऊ शेजारी. धुऱ्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने एकदा थांबून विचारलं, "काऊन गा, बैल इकले का? बाईले जुपलं जीपले."

"बैल कायले इकू, बाबा. बैलाले गेर टाकता येत नाई, म्हणून हिले बसवलं."

दोन हंगामांत ती चांगली चालवायला लागली. वडशाच्या वाटेवर, वस्ती संपली की भाऊ उतरून तिला चाक द्यायचा. वस्ती आली की पुन्हा स्वतः बसायचा. परवाना काढायला चंद्रपूरला जाऊ, असं त्यांचं दोन-तीनदा ठरलं आणि कामामुळे राहिलं.

मग एका मे महिन्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम संपत असताना, भाऊ आतल्या गावातून ताप घेऊन आला. मेंदूचा मलेरिया. चौथ्या दिवशी तो गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. आईवडील आधीच गेले होते. घरात वहिनी आणि मी उरलो, आणि आंगणात जीप.

त्या दिवसांत मी काय केलं ते सावकाश लिहितो, कारण इथून पुढचं सगळं मी केलेलं आहे.

मी बाजारातून नवी ताडपत्री आणली आणि जीप झाकली. सीटवर त्याचा दुपट्टा तसाच पडला होता, तो तसाच ठेवला. त्याने शेवटची जिथे उभी केली तिथून ती हलवायची नाही, असं मी ठरवलं. रविवारी मी ताडपत्री काढायचो, ओल्या फडक्याने जीप पुसायचो, चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवायचो आणि पुन्हा झाकायचो. लोक पाहायचे. मास्तरांचं भावावर किती प्रेम, असं म्हणायचे. मला ते ऐकू यायचं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

पंधरा दिवस झाले तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, गाडी सुरू करून पाहा लागते. उभ्या उभ्या गाडी बसते."

मी म्हणालो, "पाहू वहिनी. इतक्यात नको."

पाऊस लागला. ताडपत्रीखाली वाफ धरायला लागली. ती मला दिसत नव्हती, कारण मी रविवारी वरचं तेवढं पुसत होतो.

जुलैत एक ठेकेदार घरी आला. त्याला पावसाळाभर आतल्या गावांत माणसं न्यायला जीप हवी होती. भाऊला तो ओळखत होता. ड्रायव्हर ठेवा किंवा गाडी द्या, असं त्याचं म्हणणं. तो गेल्यावर वहिनी माझ्यासमोर बसली. ती माझ्याशी बोलताना सहसा उभी राहायची. त्या दिवशी बसली.

"ड्रायवर कायले? मले येते चालवता."

मी दाराबाहेर जीपकडे पाहिलं.

"भाऊजी, मले कोणाच्या भातावर राहाचं नाई. तुमच्या बी नाई. तुमचं उद्या लगन होईन, घरात बाई येईन. मले हे एकच येते, न ते मले चांगलं येते. परवाना काढून द्या. तुम्ही शिकले आहा, तुमाले हापिसात बोलता येते."

तिचं म्हणणं सरळ होतं. तिला दुसऱ्या कुणाच्या घरातली उपरी बाई व्हायचं नव्हतं, आणि त्यासाठी लागणारी एकच वस्तू आंगणात उभी होती. मी शाळेत जयंतीला स्त्रियांच्या शिक्षणावर भाषण करायचो. दरवर्षी टाळ्या पडायच्या. मी तिला म्हणालो, "वहिनी, अजून वर्ष झालं नाही. ती भाऊची आठवण आहे. परक्या माणसांनी तीत बसावं, हे मला आता पाहवणार नाही."

हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. विधवा बाई ठेकेदाराची माणसं घेऊन जंगलात गाडी चालवते आणि घरी अविवाहित दीर, याबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललं जाईल, ते मी मनात आधीच ऐकलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याला उत्तर दिलं असतं. आठवणीला तिला उत्तर देता येईना.

दोन दिवसांनी सकाळी मी आंघोळीला जात होतो तेव्हा इंजिनाचा आवाज आला. मी तसाच बाहेर आलो. ताडपत्री एका बाजूला घडी करून ठेवलेली, बॉनेट उघडं, आणि वहिनी वाकून इंजिनाचा आवाज ऐकत होती. हँडल मारून तिने एकटीने ते सुरू केलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मे महिन्यानंतर मी पहिल्यांदा काहीतरी पाहिलं. त्याला आनंद म्हणवत नाही. एखाद्याची नाडी लागल्यावर जसा चेहरा होतो तसा.

कुंपणापाशी तिघं-चौघं उभे होते.

"बंद करा, वहिनी," मी म्हणालो.

"दहा मिनटं चालू द्या. बॅटरी भरून राह्यली."

"बंद करा."

तिने बंद केलं. मी चावी काढून घेतली आणि आत नेऊन माझ्या पुस्तकांच्या पेटीत ठेवली. पेटीला कुलूप होतं. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. गावात कुणालाही विचारलं असतं तर मास्तर सभ्य वागले, असंच सांगितलं असतं.

ऑगस्टमध्ये पावसाने दोन दिवस उघडीप दिली. तो रविवार होता. मला वाटलं, आज जीप चांगली साफ करू. बॉनेटही उघडू. भाऊ करायचा तसं सगळं करू. मी बॉनेट उघडलं. आतलं सगळं धुळीने आणि तेलाने माखलेलं होतं, आणि ते पाहून मला वाईट वाटलं, जणू आजारी माणसाला कुणी आंघोळच घातली नव्हती. मी एअर क्लीनरचं डबडं उघडलं, विहिरीवर नेलं, राखेने घासलं. मग बादली आणली आणि तांब्या तांब्याने इंजिनावर पाणी ओतलं. ते चांगलं निघालं. अक्षरशः चमकायला लागलं. नळीचं तोंड तसंच उघडं होतं. त्यात फडकं कोंबायचं मला सुचलंही नाही. डबडं परत बसवलं, ते नीट बसलं की नाही कळलं नाही. ताडपत्री झाकली. वहिनी तेव्हा नदीवर कपडे धुवायला गेली होती. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आज जीप आतून साफ केली." ती "हो का" म्हणाली. तिला वाटलं असेल, पुसली असेल.

दसरा आला. सकाळी वंदना झाली आणि वहिनी सरळ आंगणात गेली. विटा तिने आदल्या दिवशीच आणून ठेवल्या होत्या.

"आज चाकं खोलाची आहेत," ती म्हणाली. "चावी द्या."

मी म्हणालो, "वहिनी, यंदा राहू द्या. तो नसताना…"

तेव्हा ती माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यावर रागावलेली मी पाहिली. "घरात देव नाई ठेवला आपुन, भाऊजी, न आंगनात जीप मांडून ठेवली. पुसता, झाकता, पाया पडाचे तेवढे राह्यले. ती गाडी आहे. चालाले आहे."

मी पेटी उघडून चावी दिली.

तिने हँडल लावलं. ते हललं नाही. दोन्ही हातांनी, मग पायाचा जोर देऊन. हललं नाही. तिने हँडल काढून ठेवलं, पदराने हात पुसले आणि बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मग चाकं खोलायला घेतली. ब्रेक चाकांच्या डब्यांना गंजून धरून बसले होते. सीटखाली उंदरांनी दुपट्ट्याचं घरटं केलं होतं. तिने ते उचलून बाहेर टाकलं.

तिसऱ्या दिवशी वडशाहून मिस्त्री आला. म्हातारा, भाऊचा जुना ओळखीचा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्याने प्लग काढले, आत काडी घालून पाहिली, मग इंजिनाचं वरचं डोकं खोललं. आतली दोन भोकं गंजून लाल झाली होती. पिस्टन त्यात चिकटून बसले होते.

"यात पानी गेलं आहे," मिस्त्री म्हणाला. "वरून गेलं. एअर क्लीनर कोनं खोललं होतं?"

आंगणात आम्ही तिघंच नव्हतो. ट्रकवाला होता, शाळेचा शिपाई होता, आणखी दोघं-तिघं होते. मी बोलायला तोंड उघडलं की नाही, ते आज मला नक्की आठवत नाही. उघडलं होतं असं मला वाटायला आवडतं. पण वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तेवढ्यात तिला सगळं कळलं. ऑगस्टचा तो रविवार, "आतून साफ केली", सगळं.

"मीनं खोललं होतं," ती म्हणाली. "धूळ होती म्हणून."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "अव बाई, तुले कोनं सांगतलं होतं? पाना द्याले शिकली म्हणजे मिस्त्री झाली का? बायकाईनं इंजनले हात नाई लावाव. त्याचा जीव होता या गाडीत."

वहिनीने मान खाली घातली. ट्रकवाला म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, नारळ फोडा." कुणीतरी हसलं. मी मिस्त्रीला चहा सांगितला. त्या वेळी मी केलेली एकच गोष्ट ती, मिस्त्रीला चहा सांगितला.

इतक्या जुन्या इंजिनाचे भाग आता मिळणार नाहीत, असं मिस्त्री म्हणाला. सगळे डिझेलकडे वळलेत. नोव्हेंबरात जीप भंगारात गेली. बैलांनी ओढून ती ट्रकवर चढवली. बाईने गाडी बिघडवली, ही गोष्ट धान कापणीच्या आधीच गावभर झाली होती. बाजारात बायका वहिनीला थट्टेनं विचारत, "का वं, आता कोन्ती गाडी खोलतं?" ती हसून पुढे जायची.

माझ्याशी ती याबद्दल एकदाच बोलली, तेही मी छेडल्यावर. जीप गेल्याच्या संध्याकाळी मी विचारलं, तुम्ही स्वतःवर का घेतलं.

"तुमाले शाळेत जा लागते, भाऊजी. पोरं हासली असती." मग भात वाढता वाढता म्हणाली, "मी सांगतलं असतं न तुमाले. फडकं कोंबा लागते त्यात. मले विचारलं असतं, त सांगतलं असतं."

उन्हाळ्यात तिने चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला काम धरलं. वीज केंद्राच्या वसाहतीत एका खानावळीत पोळ्या लाटायचं. बिऱ्हाड न आणलेले कामगार तिथे जेवत. माझं लग्न झालं, बदली झाली. दोन वर्षांनी मी तिला भेटायला गेलो, मुद्दाम ते बोलायचं ठरवून. वाटेत बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. वाक्यं जुळवणं हा माझा धंदा. तिची खोली लहान होती, चुन्याने रंगवलेली. तिने माझ्या मुलाची चौकशी केली, चहा केला. बाहेरून कामगारांच्या बसेस जात होत्या. मी विचारलं, "वहिनी, गाडी चालवावीशी वाटते का कधी?" ती म्हणाली, "इथी कुठी गाडी? न आता हात बसले माझे." मी चहा संपवला आणि जे बोलायला गेलो होतो ते न बोलता उठलो. ती बस थांब्यापर्यंत आली होती.

या वर्षी वहिनी गेली. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला कुरखेड्याहून माणसं आली होती. त्यात ट्रकवाल्याचा भाऊ होता, आता म्हातारा. जेवताना त्याने कौतुकानेच सांगितलं, "लय धीट बाई. पन जीप तेवढी खराब केली होती तिनं. इंजनात पानीच ओतलं." सगळे हसले. तिच्या माहेरची तरुण मुलंही हसली, त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकली होती. मग मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी तिच्या कष्टाबद्दल बोललो, तिच्या शांत स्वभावाबद्दल बोललो, आणि बसलो.

ती मुलं आता ती गोष्ट पुढे सांगतील. म्हणून लिहितो. इंजिनात पाणी मी ओतलं होतं. चावी कुलपात ठेवली नसती, तर पाणी ओतायची वेळही आली नसती, कारण जीप आंगणात उभीच राहिली नसती. ती वहिनीने चालवली असती, आणि आमच्या भागात तिच्याइतकी नीट कुणी चालवली नसती.